परवाना येईपर्यंत हात तयार करा : डमी लोड, केबल आणि ४० मीटर बँडचा डायपोल

हौशी रेडिओच्या परवान्यासाठीची परीक्षा पुस्तक वाचून उत्तीर्ण होता येते. ओहमचा नियम, ट्रान्झिस्टरची कामे, बँडच्या मर्यादा आणि संभाषणाचे संकेत पाठ असले की काम भागते. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातील वायरलेस शाखेकडून परवाना येतो, ‘व्हीयू३’ने सुरू होणारे कॉलसाइन मिळते, आणि मग अनेकांच्या लक्षात येते की सोल्डरिंग गन आपण अजून हातातही धरलेली नाही. अशा वेळी तयार संच, तयार केबल आणि तयार अँटेना विकत घेऊन काम सुरू करता येते, यात शंका नाही. मात्र पहिल्याच पावसाळ्यानंतर संच मुका झाला की दोष संचात आहे, केबलमध्ये आहे की तारेत, हे ठरवता येत नाही.

परीक्षा आणि परवाना यांच्यामधला काळ अनेकदा काही महिन्यांचा असतो. तो काळ हात तयार करण्यासाठी वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे, पण या लेखातल्या तिन्ही वस्तू प्रक्षेपण न करता बनवता येतात, मोजता येतात आणि तपासता येतात. त्यांचा क्रम मुद्दाम ठरवलेला आहे. डमी लोड सोल्डरिंग शिकवतो, केबल यांत्रिक नेटकेपणा शिकवते आणि डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन तारांची अँटेना, मोजमाप शिकवतो. नवशिक्यांनी थेट ट्रान्समीटरच्या किटने सुरुवात करू नये. हैदराबादच्या अशर फरहान यांनी रचलेला ‘बिटएक्स’ हा संच स्थानिक बाजारात सहज मिळणाऱ्या साध्या ट्रान्झिस्टरवर बेतलेला आहे, आणि त्याच्या एका आवृत्तीत कॉइल गुंडाळण्यासाठी चक्क पाण्याच्या नळाचे वॉशर वापरलेले आहेत. तो बनवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु शेकडो सांध्यांपैकी एक कच्चा राहिला तर तो शोधण्याची पद्धत आधी अंगवळणी पडलेली असावी लागते.

खरेदी आणि सोल्डरिंगचा सराव

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबा व तपकीर गल्लीचा परिसर या दोन ठिकाणी पुढे सांगितलेले बहुतेक सगळे सामान मिळते. सर्किटच्या कामासाठी २५ वॉटची आणि कनेक्टरसाठी किमान ६० वॉटची, अशा दोन सोल्डरिंग गन घ्याव्यात. तापमान नियंत्रित करणारे एकच स्टेशन परवडत असेल तर ते उत्तम. सोल्डरची तार कथील-शिसे ६०/४० मिश्रणाची, १ मिमी किंवा त्याहून बारीक आणि आत रोझिन फ्लक्स असलेली असावी. कल्हईचा नवसागर किंवा नळकामाची आम्लयुक्त पेस्ट इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात कधीही वापरू नये. सांधा त्या दिवशी सुंदर दिसतो आणि काही महिन्यांत तांबे खाऊन टाकतो. याशिवाय डिजिटल मल्टिमीटर, कटर, बारीक गोल कानस आणि धारदार ब्लेड एवढे पुरे. जमल्यास नॅनोव्हीएनए हे अँटेना आणि केबल तपासणारे, खिशात मावणारे मापनयंत्र घ्यावे. ते एकट्याला महाग वाटले तर दोघातिघांनी मिळून घेतले तरी चालते, कारण ते रोज लागत नाही.

सराव भंगारातल्या रेडिओच्या किंवा चार्जरच्या बोर्डावर करावा. ६०/४० सोल्डर १९० अंश सेल्सिअसच्या आसपास पूर्ण वितळते, तर गनचे टोक ३५० अंशांच्या जवळपास असते. म्हणून सोल्डर टोकाला लावून थेंब सांध्यावर नेण्याची सवय लावून घेऊ नये. आधी टोक ओल्या स्पंजवर पुसावे, त्याला किंचित ताजे सोल्डर लावावे, मग ते तार आणि तांब्याची पट्टी या दोघांना एकाच वेळी टेकवावे, आणि दोन-तीन सेकंदांनी सोल्डरची तार टोकाला नव्हे, तर सांध्याला लावावी. सांधा पुरेसा तापला असेल तर सोल्डर आपोआप पसरते. चांगला सांधा चकचकीत आणि कडेला आत वळलेला असतो. गोळा होऊन वर बसलेला किंवा करडा, दाणेदार सांधा कच्चा समजावा आणि पुन्हा तापवावा. थंड होताना तार हलली तरी हाच दोष येतो. काम खिडकीजवळ करावे आणि शिशामुळे शेवटी हात साबणाने धुवावेत.

पहिली वस्तू : डमी लोड

अँटेनाऐवजी संचाला जोडायचा, आलेली सगळी शक्ती उष्णतेत घालवणारा ५० ओहमचा रोध म्हणजे डमी लोड. भविष्यात प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी तो लागणार आहे. त्यासाठी १००० ओहमचे, २ वॉटचे २० मेटल ऑक्साइड किंवा मेटल फिल्म रेझिस्टर घ्यावेत. वीस रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम रोध आणि ४० वॉट क्षमता मिळते. दुकानदाराने वायरवाउंड रेझिस्टर पुढे केले तर ते नाकारावेत. आतली तार गुंडाळलेली असल्यामुळे रेडिओ फ्रिक्वेन्सीला ते रोधाबरोबर कॉइलसारखेही वागतात.

प्रत्येक रेझिस्टर मल्टिमीटरने मोजून किंमत कागदावर लिहावी. नंतर तांब्याचा थर असलेल्या बोर्डाचे तळहाताएवढे दोन सारखे तुकडे कापून दोन्हींत एकमेकांसमोर येतील अशी वीस छिद्रे पाडावीत. रेझिस्टर दोन पाट्यांच्या मध्ये उभे करून त्यांचे पाय शक्य तितके आखूड ठेवावेत आणि तांब्याच्या बाजूने सोल्डर करावेत. केबलचा प्लग ज्यात बसतो त्या एसओ-२३९ सॉकेटची मधली पिन एका पाटीला आणि धातूचे अंग दुसऱ्या पाटीला जोडावे.

आता तपासणी, जी खरे तर या वस्तूचा गाभा आहे. मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा, जो बहुधा ०.२ ते ०.५ ओहम असतो, तो पुढच्या मापातून वजा करावा. सगळे रेझिस्टर १००० च्या अगदी जवळ मोजले गेले असतील आणि डमी लोड ५० ऐवजी ५२.६ ओहम दाखवत असेल, तर एक सांधा कच्चा आहे, कारण १००० भागिले १९ म्हणजे ५२.६, आणि ५५.६ येत असेल तर दोन सांधे. कोणता सांधा कच्चा आहे हे शोधण्यासाठी मीटर जोडलेले ठेवून लाकडी काडीने एकेक रेझिस्टर हळूच हलवावा. आकडा जिथे थरथरतो तिथे दोष असतो. आधी हिशेब करून अपेक्षित आकडा ठरवायचा, मग मोजायचे आणि फरकावरून दोषाकडे जायचे, ही पद्धत इथे हाताला लागली की पुढे अँटेनापर्यंत तीच कामी येते.

केबल आणि पीएल-२५९ प्लग

संच आणि अँटेना यांच्यामध्ये ५० ओहमची कोअॅक्सियल केबल, म्हणजे मधली एक तार आणि तिच्याभोवती धातूची जाळी असलेली केबल, लागते. ७ मेगाहर्ट्झवर साधी आरजी-५८ पुरेशी आहे, कारण ३० मीटर लांबीत तिच्यात सुमारे १ डेसिबलच शक्ती वाया जाते. तीच ३० मीटर केबल १४५ मेगाहर्ट्झवर ५ डेसिबलहून अधिक खाते, म्हणजे अँटेनापर्यंत एक तृतीयांशही शक्ती पोहोचत नाही. म्हणून पुढे व्हीएचएफकडे, म्हणजे अशा उंच फ्रिक्वेन्सींकडे, वळाल तेव्हा जाड केबल घ्यावी. घरात उरलेली डिश टीव्हीची आरजी-६ केबल ऐकण्यापुरती चालते. मात्र ती ७५ ओहमची असते, शिवाय तिची जाळी बहुधा अॅल्युमिनियमची असल्याने तिला सोल्डर धरत नाही.

स्वस्त पीएल-२५९ प्लगवर निकेलचा चकचकीत मुलामा असतो आणि त्यावर सोल्डर घसरते. अंगावरच्या चार छिद्रांच्या कडा गोल कानशीने घासून आतला पितळी रंग दिसू द्यावा. आता जोडणी. फिरणारी बाहेरची रिंग आणि आरजी-५८ साठीचा बारीक रिड्यूसर (बारीक केबल प्लगमध्ये घट्ट बसवणारी नळी) सर्वांत आधी केबलवर सरकवून ठेवावा, कारण प्लग पक्का झाल्यावर रिंग आत जात नाही आणि सगळे उसवावे लागते. केबलचे बाहेरचे आवरण टोकापासून सुमारे १९ मिमी सोलावे. ब्लेड आवरणातून आरपार न नेता वरवर फिरवून केबल वाकवली की आवरण स्वतःहून तडकते आणि जाळीच्या तारा तुटत नाहीत. जाळी पिंजून मागे रिड्यूसरवर पसरावी आणि सुमारे १० मिमी ठेवून उरलेली छाटावी. मधल्या तारेवरचे पांढरे आवरण काढून ती सुमारे १६ मिमी उघडी करावी आणि तिला सोल्डरचा पातळ थर द्यावा. रिड्यूसर प्लगच्या अंगात घट्ट फिरवावा, छिद्रांतून जाळी दिसत असल्याची खात्री करून मोठ्या गनने चारही छिद्रे भरावीत आणि मग टोकाची पिन सोल्डर करावी. अंग तापायला वेळ लागतो, पण लहान गन मिनिटभर धरून बसण्यापेक्षा मोठी गन थोडे सेकंद धरणे केव्हाही बरे. आतले प्लॅस्टिक वितळते ते रेंगाळलेल्या उष्णतेने.

दुसऱ्या टोकालाही असाच प्लग लावल्यावर मल्टिमीटरने पिन ते पिन आणि अंग ते अंग वहन होते का, आणि पिन व अंग यांच्यात काहीही वहन होत नाही ना, हे पाहावे. पाहताना केबल प्लगजवळ वाकवत राहावी. शेवटी टोकाला डमी लोड लावून नॅनोव्हीएनएवर ७ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर १.१ च्या आत येतो का, ते तपासावे. एसडब्ल्यूआर म्हणजे टोकाकडून किती शक्ती परत येते याचे माप; १ म्हणजे काहीच परत येत नाही.

डायपोल : हिशेब, गच्ची आणि तार

भारतात हौशींना ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा मिळतो आणि हॅम मंडळी त्याला ४० मीटर बँड म्हणतात. दिवसा महाराष्ट्रात आणि शेजारच्या राज्यांत, तर रात्री त्याहून बरेच दूर, असा हा बँड चालतो. पहिल्या अँटेनासाठी याहून सोयीचा बँड नाही.

अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये काढण्यासाठी १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागावे. ७.१ साठी २०.१४ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू सुमारे १०.०७ मीटर. घराच्या वायरिंगची १.५ चौरस मिमी तार वापरावी आणि प्रत्येक बाजू १०.४० मीटर कापावी. तार जोडणे किचकट असते, छाटणे सोपे. शिवाय प्लॅस्टिकचे आवरण, उंची आणि जवळपासचे लोखंड यांमुळे सूत्राचा आकडा तंतोतंत कधीच येत नाही.

जागेचाही हिशेब आधी कागदावर करावा. मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंनी उतरता, म्हणजे उलट्या ‘व्ही’च्या आकाराचा डायपोल एकाच खांबावर भागतो. गच्चीच्या मधोमध ६ मीटर उंचीचा बांबू उभा केला आणि दोन बाजूंमधला कोन १२० अंश ठेवला, तर १० मीटरची बाजू ५ मीटर खाली उतरते आणि तारेचे टोक गच्चीपासून जेमतेम १ मीटरवर येते. हे चालणार नाही. प्रक्षेपण चालू असताना डायपोलच्या टोकांवर सर्वाधिक व्होल्टेज असते आणि कपडे वाळत घालणाऱ्या माणसाचा हात तिथे लागला तर तो भाजेल. टोके किमान अडीच मीटर उंच हवीत. म्हणजे उतार साडेतीन मीटरचाच ठेवता येतो, कोन सुमारे १३९ अंश होतो आणि टोकापासून टोकापर्यंत सुमारे १८.७ मीटर जागा लागते. १२ बाय १५ मीटरच्या गच्चीचा कर्ण १९ मीटरच्या थोडा वर भरतो. तेव्हा कडेने न जाता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जावे आणि दोन्ही कोपऱ्यांत अडीच मीटरचे छोटे खांब उभे करावेत. गच्ची याहून लहान असेल तर टोकाचा एखादा मीटर खाली न सोडता आडवा वळवला तरी चालतो. फक्त छाटणी वेगळी येईल. महावितरणच्या तारांपासून बांबूच्या पूर्ण उंचीपेक्षाही जास्त अंतर ठेवावे, म्हणजे बांबू कोणत्याही दिशेला पडला तरी तारेपर्यंत पोहोचू नये. सोसायटीची लेखी परवानगी आधीच घेतलेली बरी. नंतर मागितलेली परवानगी मिळत नाही, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

मध्यभागासाठी जाड अॅक्रिलिकचा तुकडा किंवा पीव्हीसी जंक्शन बॉक्स घ्यावा. प्रत्येक तार दोन छिद्रांतून ओवून गाठ मारावी, म्हणजे ताण गाठीवर येईल आणि सोल्डरवर येणार नाही; वाऱ्यात सांधे तुटतात ते बहुधा याच एका हयगयीमुळे. बॉक्समध्ये एसओ-२३९ सॉकेट बसवून पिनला एक बाजू आणि अंगाला दुसरी बाजू जोडावी. टोकांना पीव्हीसी नळीचे बोटभर तुकडे इन्सुलेटर म्हणून पुरतात. दोरी नायलॉनची स्वस्त पडते, पण ऊन तिला दोन-तीन वर्षांत कुजवते, म्हणून ती दर उन्हाळ्यात नखाने खरवडून पाहावी.

केबल बॉक्समधून निघते तिथेच तिची सहा वेढ्यांची, सुमारे २४ सेंटिमीटर व्यासाची गुंडाळी करून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधावी. यात साडेचार मीटर केबल जाते. केबलच्या जाळीच्या बाहेरून संचाकडे परतणारा प्रवाह ही गुंडाळी अडवते. ती नसेल तर केबल स्वतःच अँटेनाचा तिसरा पाय होते, एसडब्ल्यूआर केबल हलवली की बदलतो आणि घरातल्या एलईडी दिव्यांची खरखर संचात शिरते.

पावसाची तयारी बांबू उभा करण्यापूर्वीच करावी. प्लग आणि सॉकेटच्या जोडावर ताणल्यावर स्वतःलाच चिकटणारी रबराची टेप खालून वर गुंडाळावी, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर कौलांसारखा येतो आणि पाणी फटीत न शिरता ओघळून जाते. त्यावर साधी पीव्हीसी टेप द्यावी. केबल घरात शिरते तिथे खिडकीच्या पातळीखाली एक वळसा सोडावा, म्हणजे थेंब तिथूनच गळतील. कोकणात आणि गोव्यात खारी हवा उघड्या तांब्याला महिन्याभरात हिरवे करते. तिथे बॉक्समधल्या सांध्यांवर वार्निशचा हात द्यावा. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या काळात मात्र एकच नियम आहे. संच वापरात नसेल तेव्हा केबल काढून खिडकीबाहेर ठेवावी, आणि आभाळ गडगडू लागल्यावर तिला हात लावू नये.

मोजणी आणि छाटणी

नॅनोव्हीएनए ६ ते ८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान उघडे, शॉर्ट केलेले आणि ५० ओहम या तीन टोकांनी कॅलिब्रेट करावे. अँटेना जोडण्यापूर्वी केबलची पिन आणि अंग क्षणभर एकमेकांना टेकवावे. कोरड्या वाऱ्यात तारेवर साठलेला स्थिर विद्युतभार नाजूक यंत्र बिघडवू शकतो. अँटेना पूर्ण उंचीवर असतानाच मोजावी, हातात धरून किंवा अर्ध्यावर उतरवून घेतलेले माप निरुपयोगी असते.

समजा, सर्वांत कमी एसडब्ल्यूआर ६.८५ मेगाहर्ट्झला आला. तारेची एकूण लांबी २०.८० मीटर आहे. नवी लांबी म्हणजे २०.८० गुणिले ६.८५ भागिले ७.१०, अर्थात २०.०७ मीटर, प्रत्येक बाजू सुमारे ३६ सेंटिमीटरने कमी हवी. लगेच कात्री चालवू नये. आधी २५ सेंटिमीटर तार टोकाला मागे दुमडून तिच्यावरच घट्ट गुंडाळावी, पुन्हा वर चढवून मोजावे आणि उरलेले अंतर बेताबेताने संपवावे. दोन्ही बाजू सारख्याच ठेवाव्यात. ७.१ ला एसडब्ल्यूआर १.५ च्या आसपास आला की थांबावे. १.५ ला फक्त ४ टक्के आणि २ ला ११ टक्के शक्ती परत येते, तेव्हा १.० च्या हव्यासापायी दिवसभर बांबू वर-खाली करण्यात अर्थ नाही. कमी एसडब्ल्यूआर म्हणजे चांगली अँटेना, असेही समजू नये, कारण डमी लोडचा एसडब्ल्यूआर सर्वांत सुंदर असतो आणि त्यातून शेजारच्या इमारतीतही काही ऐकू जात नाही.

ही अँटेना परवाना येईपर्यंत ऐकण्यासाठी वापरावी. सकाळी ७.० ते ७.२ मध्ये लोअर साइडबँडवर, म्हणजे या बँडवर बोलण्यासाठी वापरतात त्या पद्धतीवर, कान देऊन बसावे. कॉलसाइन कसे उच्चारतात, फ्रिक्वेन्सी रिकामी आहे का हे कसे विचारतात आणि आवाज स्पष्ट आणि जोरात येतो असे सांगणारा ‘५९’ हा अहवाल केव्हा देतात, हे पुस्तकापेक्षा तिथे लवकर समजते. ऐकलेली स्थानके वहीत जागतिक वेळेनुसार, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून, नोंदवावीत. ‘व्हीयू३’च्या पुढच्या, जनरल ग्रेडच्या परवान्याकडे जायचे असेल तर मिनिटाला ८ शब्द इतका मोर्स लागतो. त्यासाठी ठिपके-रेघांचा तक्ता न वाचता अक्षरांचे नाद वेगाने ऐकावेत आणि अक्षरांमधले अंतर लांब ठेवावे.

परवाना हाती आल्यावर संच प्रथम डमी लोडवर ५-१० वॉटला चालवून पाहावा, मगच अँटेनावर न्यावा.

त्याच वहीत ज्या दिवशी छाटणी संपली त्या दिवसाचा आलेख, म्हणजे ७.००, ७.०५, ७.१०, ७.१५ आणि ७.२० ला आलेले एसडब्ल्यूआर, लिहून ठेवावेत. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास, पुन्हा तेच पाच आकडे घ्यावेत. सर्वांत खालचा बिंदू सरकला असेल तर तार ताणली गेली आहे, दोरी सैल झाली आहे किंवा जवळ नवीन लोखंड आले आहे. बिंदू तिथेच आहे आणि एसडब्ल्यूआर सर्वत्र वाढला असेल तर मध्यभागाचा बॉक्स उघडावा. पण आकडे सगळ्या बँडभर छाटणीच्या दिवसापेक्षा सुधारलेले दिसले तर आनंद न मानता केबलवर संशय घ्यावा. पाणी शिरलेली केबल जाताना आणि परत येताना, दोन्ही वेळा शक्ती खाते, म्हणून परतणारी शक्ती मीटरपर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी अँटेनाकडचे टोक सोडवून पिन आणि अंग तारेच्या तुकड्याने जोडावे आणि खालून मोजावे. २० मीटरची निरोगी आरजी-५८ या स्थितीत ७ मेगाहर्ट्झला १० च्या आसपास एसडब्ल्यूआर दाखवते. तो ३ इतका खाली आला असेल तर ३ डेसिबल, म्हणजे अर्धी शक्ती, केबलमध्येच नष्ट होत आहे. टोकाकडून हातभर केबल कापून जाळी पाहावी. ती काळी पडलेली असेल तर लख्ख तांबे लागेपर्यंत कापत जावे, आणि पाच-सहा मीटर कापूनही ते लागले नाही तर पूर्ण केबल बदलावी.